बाराव्या जागेचा हिशेब

या वर्षीच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला, 'रांगेतला शेवटचा'. हे ऐकून कोणाला रेशनचं दुकान आठवेल, कोणाला लोकलच्या दारात लटकलेला माणूस. मला आठवली कबड्डी संघाची यादी. आखीव कागद, खाली कार्बन पेपर आणि अनुक्रमांक घालून लिहिलेली बारा नावं. लहानपणी आमच्या चाळीच्या संघाची यादी मी लिहायचो, कारण माझं अक्षर बरं होतं आणि खेळ बेताचा. पहिल्या सात नावांवरून कधी भांडण झाल्याचं आठवत नाही. अकराव्या-बाराव्या नावावरून मात्र दरवर्षी व्हायचं, आणि दोन-दोन महिने अबोला टिकायचा.

ते भांडण आता कसं होतं, हे बघायला ऑगस्टच्या शेवटी शहाडला गेलो.

अर्धी मॅट, अर्धी माती

कल्याण सोडलं की कसाऱ्याच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन शहाड. डोक्यावरून मुरबाड रस्त्याचा उड्डाणपूल जातो. पलीकडे उल्हासनगरची दाटी आहे, जवळच सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ. गाडी पुढे गेली की उल्हास नदी ओलांडून आंबिवली. रिक्षावाल्याला मैदानाचं नाव सांगितलं तर तो गोंधळला. "कबड्डी चालते ती जागा" म्हटल्यावर लगेच निघाला.

संघाचं नाव इथे देत नाही. निवडीच्या गोष्टी आहेत, आणि ज्यांचं नाव यादीत आलं नाही ती मुलं रोज संध्याकाळी त्याच मैदानावर येतात.

वर पत्रे, पत्र्यांवर पाऊस. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एकमेकांत अडकणारे मीटरभर बाजूचे चौकोन वापरले, तर पूर्ण मॅटला १३० लागतात. या संघाकडे वर्गणीतून जमलेले निम्मेच आहेत. त्यामुळे पलीकडचं अर्धं मैदान मॅटचं आणि अलीकडचं मातीचं. मध्यरेषेवर ओलं गोणपाट टाकलेलं असतं. चढाईला निघालेला मुलगा त्यावर बूट घासतो, मग मॅटवर पाय टाकतो. चढाई मातीवर सुरू होते आणि मॅटवर संपते.

'चढाई' हा शब्द मी लिहितोय खरा, पण मैदानावर तो कोणी उच्चारत नाही. तिथे रेड, रेडर, कॅच, टच, एमटी (म्हणजे रिकामी चढाई). वर्तमानपत्रात 'अव्वल पकड' छापून येते, पोरं 'सुपर टॅकल' म्हणतात. प्रशिक्षक तात्या पन्नाशी ओलांडलेले. एके काळी कंपनीच्या संघातून खेळलेले. ते दोन्ही भाषा बोलतात. शांत असले की चढाई, चिडले की रेड.

दहा पक्की, दोन रिकामी

"सात नावं झोपेत सांगेन," तात्या म्हणाले. "तीन अजून सांगतो. एक कव्हरचा राखीव, एक कोपऱ्याचा, एक दोन्हीकडे चालणारा. डोकं खातात त्या शेवटच्या दोन जागा."

कोपरा म्हणजे पकडीच्या साखळीचं टोक, कव्हर त्याच्या आतली जागा. संघात खेळणारे सात आणि राखीव पाच. या संघाचे मुख्य चढाईपटू ठरलेले होते. शेवटच्या दोन जागा राखीव चढाईपटूंसाठी मोकळ्या होत्या आणि दावेदार होते चार. तात्यांनी त्यांना दिलेली नावंच मीही वापरतो.

पार्सलवाला २३ वर्षांचा. दिवसभर पाकिटं पोचवतो आणि संध्याकाळी कंपनीचं जाकीट काढून मैदानात उतरतो. महिनाभराच्या सराव सामन्यांत चौघांत सर्वांत जास्त गुण त्याचे. लंबू नावाप्रमाणे उंच. बोनस घेण्यात हुशार, पण वजनकाट्याशी त्याचं कायमचं वैर. पुरुष गटाची मर्यादा ८५ किलो, आणि हा गडी त्या रेषेच्या आजूबाजूला नाचत असतो. बारका १९ वर्षांचा, कुमार गटातून नुकताच वर आलेला, डावखुरा. चौथा जुना. वय ३१, पोटापाण्याला कंत्राटी नोकरी, रात्रपाळी असली की सरावाला दांडी. सराव सामन्यांत सर्वांत कमी गुण याचे.

मी बाकावर बसून तीन संध्याकाळ बघितलं आणि मनात यादी करून टाकली. अकरावा पार्सलवाला, बारावा लंबू. बोनस म्हणजे फुकटचा गुण, असा माझा अडाणी समज होता.

ताईंची वही

तो समज खोडला ताईंनी. ताई तात्यांच्या धाकट्या बहीण. विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या, आता एका कार्यालयात हिशेब बघतात. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत शाळेची दोनशेपानी वही घेऊन बसतात. त्या वहीत गुणांचा रकानाच नाही. प्रत्येक चढाईची एक ओळ. किती सेकंद गेली, समोर किती गडी होते, त्यात मुख्य पकडपटू कोण, निदान रेषा ओलांडली की नाही, पकडला गेला तर मैदानाच्या कोणत्या भागात, आणि परत येताना दम टिकला होता का.

"याचे मागच्या शुक्रवारचे गुण बघा," त्यांनी पार्सलवाल्याचं पान उघडलं. "आठ. आता समोर किती उभे होते ते वाचा."

वाचलं. बहुतेक गुण समोर तीन-चार गडी उरले असताना मिळवलेले. मुख्य चढाईपटूने भिंत पाडली होती, पार्सलवाल्याने विटा गोळा केल्या होत्या. तेही काम सोपं नाही. समोर तीन किंवा कमी गडी असताना पकडलं गेलं तर त्यांना एक गुण जास्तीचा मिळतो. पण सात जण उभे असताना त्याच्या ओळी कशा होत्या? बारा सेकंद, पकड. नऊ सेकंद, पकड. पंधरा सेकंद, टच. अकरा सेकंद, पकड.

जुन्याच्या पानावर उलटी तऱ्हा. सव्वीस सेकंद, रिकामी. अठ्ठावीस, रिकामी. सत्तावीस, रिकामी. सगळीकडे निदान रेषा पार, आणि एकाच ठिकाणी पकड.

खेळाशी संबंध नसणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. चढाईला ३० सेकंद मिळतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. कोणालाही न शिवता परत यायचं, तर ती एकदा तरी ओलांडावीच लागते, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे रिकामी चढाईही फुकट होत नाही. सात जणांच्या साखळीच्या तोंडाशी जायचं, पाव इंच पाय रेषेपलीकडे टाकायचा, कोणाच्या हाती न लागता घड्याळ खायचं आणि परत यायचं. निदान रेषेच्या पुढे मीटरभरावर बोनस रेषा. तिथला गुण समोर सहा किंवा सात गडी असतील तरच मिळतो. लंबूची गोम इथेच होती. बोनसने गुण चढतो, पण आपला बाद झालेला गडी आत येत नाही. मैदानात आपले दोघंच उरले असतील, तर लंबूच्या बोनसने फलक हलतो, मैदान भरत नाही.

बादचा गडी बदलता येत नाही

सगळा घोळ एका नियमात आहे. प्रेक्षकांपैकी शंभरातल्या नव्वदांना तो ठाऊक नसावा. मलाही नव्हता.

बदली खेळाडू उतरवायचा तो विश्रांतीच्या वेळी किंवा मध्यंतरात. प्रत्येक डावात प्रत्येक संघाला ३० सेकंदांच्या दोनच विश्रांती. आणि बाद होऊन बाहेर बसलेल्याच्या जागी बदली देता येत नाही. मुख्य चढाईपटू पकडला गेला म्हणून त्याच्या जागी राखीव चढाईपटू पाठवला, असं होत नाही. तो बाहेरच बसणार, कोणी गुण आणून त्याला आत घेईपर्यंत. राखीव आणायचा, तर मैदानात जिवंत असलेल्या कोणाला तरी बाहेर काढावं लागतं. चढाईपटूच बाद झालेले असल्यामुळे तो बहुधा पकडीचा गडी असतो.

म्हणजे राखीव चढाईपटू मैदानात येतो तो कव्हरच्या किंवा कोपऱ्याच्या जागी. चढाई करून आला की पुढच्या तीस सेकंदांत त्याला त्याच जागी, साखळीत उभं राहावं लागतं. नुसता चढाई करणारा गडी इथे भोक ठरतो. समोरचा हुशार चढाईपटू त्याच्याच बाजूला येणार, हे शाळकरी पोरालाही कळतं.

"पार्सलवाला साखळीत उभा राहिला की हात पुढे जातात त्याचे," तात्यांनी उठून दाखवलं. "चढाई करणाऱ्याचा स्वभाव. शिवायला धावतो. पकडीत थांबावं लागतं. त्याला मी पन्नास वेळा सांगितलं, बाबा रे, नाय जमत तर हात मागे बांध. ऐकतो, दोन मिनिटं."

जुना कव्हरला उभा राहिला की दिसेनासा होतो. तीन संध्याकाळ मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. आता मुद्दाम बघितलं. चढाईपटू त्याच्या अंगावर आला की एक पाऊल मागे, गेला की एक पाऊल पुढे. पकडीचा मोह नाही, घाई नाही. शेजारच्या कोपऱ्याने घोटा धरला तरच हा अंग टाकणार.

आणखी एक गोष्ट वहीत होती, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. ताई सराव सामन्यांत चारही मुलांना अर्धा-अर्धा तास नुसतं बसवून ठेवत आणि अचानक उतरवत. अंग गार, दम बसलेला, समोर तापलेले सात जण. पहिल्या चढाईत काय होतं, ते वेगळ्या शाईने लिहिलेलं. राखीव गड्याच्या वाट्याला बहुधा तेवढीच येते. पार्सलवाल्याच्या पानावर तिसऱ्या-चौथ्या चढाईनंतर खेळ फुलतो. तिसरी-चौथी चढाई बाराव्या गड्याला कोण देणार?

बाकावरून उठलेले

पण वही चुकतही असेल. मी तात्यांना पवन सेहरावतची आठवण करून दिली. प्रो कबड्डीच्या पाचव्या मोसमात, २०१७ मध्ये, तो गुजरातच्या संघात होता आणि बहुतेक काळ बाकावरच. पुढच्या मोसमात बेंगळुरूने त्याला मोकळं सोडलं. ५ जानेवारी २०१९ ला मुंबईत अंतिम सामना झाला, बेंगळुरूविरुद्ध गुजरात. बेंगळुरूने ३८-३३ असा जिंकला, त्यात २२ गुण एकट्या पवनचे. ज्यांच्या बाकावर तो बसला होता, त्यांनाच त्याने हरवलं.

तात्या हसले. "बरोबर. पण गुजरातने त्याला बारावा म्हणून घेतला असेल, तर चूक निवडीची नाय, जागेची. तो पहिल्या जागेचा माणूस होता. त्याला बाराव्या जागेवर मोजला, तर कमीच भरणार."

हे मला पटलं आणि थोडं खुपलंही. पार्सलवाला पहिल्या जागेचा माणूस असेल तर? पहिली जागा रिकामी नाही म्हणून त्याला मोजायचंच नाही का? यावर तात्यांकडे उत्तर नव्हतं. ते चहा आणायला गेले.

खोल बाक कसा जिंकून देतो, याचं आपल्याकडचं ताजं उदाहरण पुणेरी पलटण. १ मार्च २०२४ ला हैदराबादला त्यांनी हरयाणाला २८-२५ असं हरवून दहावा मोसम जिंकला. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. चौघांपैकी कोणावरही सगळा भार नव्हता. समोरच्याने एकाचा अभ्यास करून यावं, तर दुसराच अंगावर येई. कल्याणच्या मुलांना मात्र या नावांपेक्षा गिरीश इर्नाक जवळचा. कल्याणचा हा कोपरारक्षक २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या बारा जणांत होता. सरावाला आलेली निम्मी शाळकरी पोरं कोपऱ्यातच उभी राहायला धडपडतात, ती त्याच्यामुळे.

माझा एक भाचा कॅनडात टोरोंटोजवळ असतो. त्याला फोनवर या बाराव्या जागेबद्दल सांगितलं, तर म्हणाला, "मामा, हे आमच्याकडच्या बर्फावरच्या हॉकीतल्या चौथ्या फळीसारखं आहे." तिथे संघात बारा आक्रमक असतात, तिघांच्या चार फळ्या. एका वेळी एकच फळी बर्फावर. खेळ इतका दमवणारा की मिनिटाच्या आत फळी बदलते. चौथ्या फळीच्या वाट्याला साठ मिनिटांपैकी आठ-दहा मिनिटं येतात. त्यांच्याकडून गोलाची अपेक्षा फारशी नसते. अंगावर जाणं, समोरच्यांना दमवणं, आपल्यावर गोल न होऊ देणं, हे त्यांचं काम. तिथेही सरावात गोल करणारा पोरगा मागे पडतो आणि भिंतीशी कुस्ती करणारा संघात येतो, आणि त्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. फरक एवढाच की तिथे बदल्या कितीही आणि केव्हाही. चौथ्या फळीचा गडी प्रत्येक सामन्यात खेळतो. आपला बारावा अख्खी स्पर्धा ट्रॅकसूटमध्ये काढू शकतो.

कागदाचं वजन

मग त्या जागेसाठी एवढी मारामारी कशाला? उत्तर मुलांनी दिलं, तात्यांनी नाही.

"सर, प्रमाणपत्रावर राखीव लिहीत नाहीत," बारका म्हणाला.

शहाड-मोहने-आंबिवली हा पट्टा कारखान्यांवर वाढला. कबड्डी खेळणारा पोरगा कंपनीच्या, रेल्वेच्या, बँकेच्या, पोलिसांच्या संघात जायचा आणि त्यामागून नोकरी यायची. तात्यांच्या पिढीतल्या कित्येकांची घरं एका पल्लेदार लाथेवर उभी राहिली आहेत. मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तेव्हा या भागातली नोकरीची एक मोठी वाट मिटली. उरलेल्या वाटा अरुंद आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतल्या कामगिरीवर. तिथे पोचायचं, तर आधी आपला संघ, मग जिल्हा, मग राज्य. शिडीची पहिली पायरी म्हणजे हीच बारा जणांची यादी. यादीत नसलेल्याला जिल्ह्याच्या निवड समितीने बघायचं कुठे?

जुन्याला मात्र या कागदाचा उपयोग नाही. वय निघून गेलं. "मग कशाला येतोस?" मी विचारलं. त्याने बुटाची नाडी बांधली, म्हणाला, "घरी बसून काय करू?" आणि गोणपाटावर पाय घासून चढाईला गेला. माझ्या मते त्याला घेणं म्हणजे बारक्याच्या किंवा पार्सलवाल्याच्या कागदावर पाय देणं होतं. हे मी तात्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "सामना जिंकायचाय का नोकरी वाटायचीय?" आणि थोड्या वेळाने, आपणहून, "दोन्ही करायचं असतं. म्हणून तर डोकं जातं."

यादी

गणपती उठल्यावर एका संध्याकाळी तात्यांनी यादी लिहिली. कार्बन पेपर नव्हता. ताईंनी मोबाइलवर फोटो काढला. अकरावा जुना, बारावा बारका. मुख्य चढाईपटू दोघेही उजव्या हाताचे, म्हणून डावखुरा हवा, हे कारण. लंबूने वजनाचं कारण स्वतःच सांगून टाकलं आणि तो हसत निघून गेला. पार्सलवाल्याने यादी दोनदा वाचली, जाकीट चढवलं, गाडीला किक मारली. तात्या त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

मी असतो तर पार्सलवाल्याला बारावा घेतला असता. अजूनही तेच म्हणेन. डावखुरेपणाचं कारण मला बारक्याच्या वयासाठी शोधलेलं निमित्त वाटलं.

सप्टेंबरअखेर कल्याणमध्ये एक एकदिवसीय स्पर्धा होती. उपांत्यपूर्व सामन्यात दीड मिनिट बाकी असताना आमच्या (आता 'आमच्या' म्हणायला हरकत नाही) संघाकडे एका गुणाची आघाडी होती. दोन्ही मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर. आत पाच जण, सगळे पकडीचे. तात्यांनी विश्रांती घेतली, उजवं कव्हर बाहेर काढलं आणि जुन्याला आत घातलं. दुपारपासून तो बसूनच होता.

दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हा नियम प्रो कबड्डीतून आता गल्लीतल्या स्पर्धांतही आला आहे. आमची आधीची चढाई रिकामी नव्हती, म्हणजे दोनची मुभा होती. जुना गेला, रेषेपलीकडे पाय टाकला, परत आला. समोरचा आला. आमचे पाचच असल्याने त्याला बोनस नव्हता, शिवणंच भाग होतं. तो जुन्याच्या बाजूला दोनदा झेपावला, जुना दोनदा पाऊलभर मागे सरला, आणि तो हात हलवत गेला. जुना पुन्हा गेला, पुन्हा रिकामा आला. शेवटच्या चढाईत समोरचा घाईने आत घुसला आणि डाव्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला. दोन गुणांनी जिंकलो. पोरांनी कोपऱ्याला खांद्यावर घेतलं.

पार्सलवाला प्रेक्षकांत होता, जाकिटातच. पाण्याची बाटली त्यानेच आत फेकली. संध्याकाळी उपांत्य सामना आम्ही सहा गुणांनी हरलो. त्यात जुना उतरला नाही.

रात्री ताईंची वही मागून घेतली. जुन्याच्या नावापुढे दोन ओळी होत्या. सत्तावीस सेकंद, निदान पार, रिकामी. अठ्ठावीस सेकंद, निदान पार, रिकामी. बारक्याच्या नावापुढे काहीच नव्हतं. त्याने दिवसभर ट्रॅकसूट काढला नव्हता.